पोलाद उद्योगातील ऊर्जाबचत : तापलेले थंड होऊ न देण्याचा हिशेब

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने पोलादाच्या भट्टीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु धंदा कोणताही असला तरी त्याचा रोजमेळ एकाच पद्धतीने लिहिला जातो. माल किती आला, किती विकला आणि मधल्यामध्ये किती वाया गेला, एवढेच शेवटी पाहायचे असते. कापडात कातरण जाते, हापूसच्या पेटीत डागी फळ निघते, मासळीच्या टपात बर्फ वितळतो. हे नुकसान डोळ्यांना दिसते म्हणून आपण त्याची काळजी घेतो. पोलादाच्या कारखान्यात फार मोठे नुकसान उष्णतेचे होते आणि उष्णता हातात धरून दाखवता येत नाही. ती चिमणीतून जाते, भट्टीच्या उघड्या तोंडातून जाते, अंगणात थंड होत पडलेल्या लालबुंद कांबींतून जाते. तिचे पैसे मात्र विजेच्या आणि कोळशाच्या बिलात आधीच भरलेले असतात.

ऊर्जाबचत म्हटले की परदेशी यंत्रे आणि कोट्यवधींची गुंतवणूक डोळ्यांपुढे येते. या बचतीचे मूळ सूत्र मात्र प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरात पाळले जाते : तवा तापला आहे तोवर पोळ्या उरकून घ्याव्यात. एकदा तापवलेले थंड होऊ द्यायचे नाही, आणि थंड होणारच असेल तर त्यातून निघणारी उष्णता दुसऱ्या कामाला लावायची. मोठ्या कारखान्यांनी हे सूत्र बरेचसे अंगीकारले आहे. आता प्रश्न आहे तो लहान भट्टीवाल्यांचा आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या हजारो चुलींचा.

आपल्या जिल्ह्याचा संबंध

रत्नागिरी जिल्ह्यात मोठा पोलाद कारखाना नाही. तरीही या उद्योगाची एक नाळ आपल्या किनाऱ्याला जोडलेली आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडला जेएसडब्ल्यू समूहाचे बंदर २००९ मध्ये सुरू झाले. मोठ्या जहाजांतून येणारा कोळसा आणि लोहखनिज येथे उतरते आणि लहान बार्जमधून किनाऱ्याकिनाऱ्याने रायगड जिल्ह्यातील धरमतरच्या खाडीत जाते. तेथून जवळच, पेण तालुक्यात, डोलवीचा पोलाद कारखाना आहे. हा माल रस्त्याने न्यायचा म्हटला असता तर आपल्या महामार्गाची काय दशा झाली असती आणि किती डिझेल जळले असते, याची कल्पना करावी. पाण्यावरून जड माल नेणे हीसुद्धा ऊर्जेची बचतच आहे आणि कोकणच्या गलबतवाल्यांना ती पूर्वापार ठाऊक होती.

जयगडलाच १२०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प सुरू झाला आणि २००१ मध्ये विजेच्या दराच्या वादात बंद पडला. वीज महाग पडली तर केवढे मोठे काम ठप्प होते, हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. जी गोष्ट वीज विकणाऱ्याची, तीच वीज जाळणाऱ्याची. विजेच्या भट्टीत लोखंड वितळवणाऱ्या कारखानदाराला कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च विजेचाच असतो.

एक टन पोलाद, एक टन कोळसा

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार १९९० च्या सुमारास भारतातील मोठ्या कारखान्यांत एक टन कच्चे पोलाद तयार करण्यासाठी सुमारे १० गिगाकॅलरी ऊर्जा लागत असे. पुढे हे प्रमाण ६ ते ६.५ गिगाकॅलरीपर्यंत खाली आले. परदेशांतील चांगले कारखाने ४.५ ते ५ गिगाकॅलरीत तेच काम करतात.

गिगाकॅलरी हा शब्द आपल्या व्यवहारातला नाही, म्हणून त्याचा सोपा हिशेब करू. किलोमागे ६००० किलोकॅलरी उष्णता देणारा चांगला कोळसा घेतला, तर त्याच्या एका टनातून ६ गिगाकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे एक टन पोलादामागे ढोबळमानाने एक टन चांगला कोळसा खर्ची पडतो. एक हजार चौरस फुटांच्या सिमेंट-काँक्रीटच्या घराला साधारण साडेतीन ते चार टन सळई लागते. अशा घराची पायाभरणी होते तेव्हा त्या सळईच्या पोटात साडेतीन-चार टन कोळसा आधीच जळून गेलेला असतो.

आपण आणि परदेशी कारखाने यांच्यातील फरक टनामागे एक ते दीड गिगाकॅलरीचा, म्हणजे सुमारे १६५ ते २५० किलो कोळशाचा आहे. आपल्या खनिजाचा आणि कोळशाचा दर्जा हे त्यामागचे एक कारण आहे. आपल्या कोळशात राख फार असते आणि ती राख तापवण्यातही उष्णता जाते. कोळशातली राख आपल्या हातची नाही, हे मान्य. पण उष्णता कोठून गळते ते पाहून ती भोके बुजवणे आपल्या हातचे आहे.

मोठे कारखाने काय करतात?

झोतभट्टीच्या कारखान्यात कोक लागतो. कोळसा हवेशिवाय भाजला की कोक तयार होतो आणि तो भट्टीबाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान हजार अंशांच्या आसपास असते. जुन्या पद्धतीत या धगधगत्या कोकवर पाणी ओतून तो विझवतात. वाफेचा मोठा ढग आकाशात जातो आणि त्याबरोबर सगळी उष्णताही. नव्या पद्धतीत तोच कोक बंद कोठीत नायट्रोजन वायूने थंड करतात. तापलेला वायू बॉयलरला वाफ देतो आणि वाफेवर वीज तयार होते. आपल्या देशात ही कोरडी पद्धत प्रथम विशाखापट्टणमच्या सरकारी कारखान्यात आली. पाणी वाचले, धूर कमी झाला आणि विजेची कमाई वर.

झोतभट्टीच्या माथ्यावरून निघणारा वायू दाबाखाली असतो. पूर्वी हा दाब नुसता सोडून देत. आता त्या वाटेवर टर्बाइन बसवून वीज काढतात. दाब उतरल्यावर तोच वायू पुन्हा इंधन म्हणून वापरतात, कारण त्यात जळण्याजोगा कार्बन मोनॉक्साइड असतो. ऊस गाळून झाल्यावर उरलेल्या चिपाडावर साखर कारखान्याचे बॉयलर पेटवतात, तसाच हा प्रकार.

डोलवीचा कारखाना याचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. इस्पात इंडस्ट्रीजने १९९० च्या दशकात तेथे नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न तयार करण्यास सुरुवात केली. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने या कंपनीचा ताबा घेण्याचे जाहीर केले आणि आज कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांची आहे. तेथील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, झोतभट्टीतून आलेला लोखंडाचा रस थंड न करता तसाच पातळ स्थितीत पोलादाच्या भट्टीत ओततात. या रसाबरोबर त्याची उष्णताही येते. त्यातील कार्बन प्राणवायूने जळताना आणखी उष्णता देतो आणि तेवढी वीज वाचते.

दुसरी, पातळ पाटाची ओतणी. जुन्या पद्धतीत दोनशे ते अडीचशे मिलिमीटर जाडीचे पाट ओततात, ते आवारात थंड होतात आणि पत्रा लाटण्यासाठी पुन्हा तापवावे लागतात. पातळ ओतणीत पाट पन्नास-साठ मिलिमीटरचाच असतो आणि तो लांबट बोगदाभट्टीतून गरमागरम थेट रोलरखाली जातो. पुन्हा तापवण्याचा मोठा खर्च टळतो, शिवाय जाड पाट दाबत दाबत पातळ करण्याचे कष्टही वाचतात.

तिसरी, कोकभट्टीतून निघणारा वायू स्पंज आयर्नच्या विभागात वापरून नैसर्गिक वायूची बचत केली जाते. एका विभागाचा टाकाऊ वायू तेथे दुसऱ्या विभागाचे इंधन होतो. कारखान्याच्या विस्तारात वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १७५ मेगावॅटचे वीज केंद्रही योजले गेले. एखाद्या लहान शहराला पुरून उरेल एवढी ही वीज आहे.

यावर कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची कामे आहेत, लहान माणसाने काय करावे? म्हणून आता जालन्याकडे वळू.

जालन्याच्या भट्ट्या

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. बियाणे आणि पोलाद हे या गावाचे दोन आधार. राज्यभरच्या बांधकामांना लागणाऱ्या सळईचा मोठा भाग येथून जातो. येथे झोतभट्टी नाही. भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याच्या कांबी म्हणजे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये लाटून सळई काढायची, असा हा धंदा आहे. देशाच्या एकूण पोलादापैकी सुमारे एक तृतीयांश अशा इंडक्शन भट्ट्यांतून येते. म्हणून जालन्याचा प्रश्न एका गावापुरता राहत नाही.

साधे गणित मांडून पाहू. एक टन लोखंड खोलीच्या तापमानापासून १६०० अंशांपर्यंत तापवून वितळवायला, काहीच वाया गेले नाही असे धरले, तर सुमारे ३८५ युनिट वीज पुरते. हा निसर्गाचा भाव आहे, त्यात घासाघीस चालत नाही. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टीत चांगले भंगार असले तर ५५० ते ६५० युनिट लागतात, आणि स्पंज आयर्नचे प्रमाण वाढले की त्याहूनही अधिक. मधली दोनशे-अडीचशे युनिट कोठे जातात? काही तांब्याच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या पाण्यातून जातात, काही भट्टीच्या अस्तरातून, काही मळी वितळवण्यात आणि बरीचशी उघड्या तोंडातून.

यातले सगळे वाचणार नाही. टनामागे फक्त ३० युनिट वाचली असे धरू. दिवसाला १०० टन माल काढणारी भट्टी असेल तर ३००० युनिट वाचली. युनिटला ८ रुपये दर धरला तर दिवसाचे २४ हजार रुपये झाले, आणि वर्षात ३०० दिवस भट्टी चालली तर ७२ लाख रुपये. टनामागे दोन-तीनशे रुपयांच्या फरकावर सौदा तुटतो, त्या धंद्यात ही रक्कम लहान नाही.

ती वाचवण्याचे मार्गही सोपे आहेत. भट्टीवर झाकण ठेवावे. पातेल्यावर झाकण ठेवले की भात लवकर शिजतो, हे सांगायला अभियंता लागत नाही. भंगार सुटे-सुटे टाकण्याऐवजी दाबून, गठ्ठे करून टाकावे, म्हणजे भट्टी एका दमात भरते. रस तयार झाल्यावर ओतणीची तयारी नाही म्हणून भट्टी तशीच पेटती धरून ठेवू नये, कारण त्या थांबण्याच्या प्रत्येक मिनिटाला मीटर फिरतच असतो. लेडल, म्हणजे रस वाहून नेणारे भांडे, आधी नीट तापवलेले असावे. नाहीतर त्यात उष्णता जाणार हे धरून रस गरजेपेक्षा जास्त तापवावा लागतो. पॉवर फॅक्टरवरही लक्ष हवे. २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच पद्धतीने होते आणि पॉवर फॅक्टर बिघडला की बिल आपोआप फुगते.

तापलेली कांब थेट रोलवर

आता सर्वांत मोठ्या बचतीकडे येऊ. ओतणीतून निघालेली कांब नऊशे-हजार अंशांवर असते. ती आवारात टाकली की दोन-चार तासांत थंड होते. दुसऱ्या दिवशी तीच कांब कोळशाच्या किंवा फर्नेस ऑइलच्या भट्टीत ठेवून पुन्हा अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवतात आणि मग लाटतात. काल फुकट घालवलेली उष्णता आज पैसे देऊन विकत घ्यायची, असा हा व्यवहार.

एक टन कांब अशी तापवायला हिशेबाने वीस-एकवीस लिटर फर्नेस ऑइल पुरावे. जुन्या भट्ट्यांत प्रत्यक्षात चाळीस लिटर किंवा त्याहून जास्त लागते. दिवसाला १०० टन माल असेल तर ४००० लिटर. लिटरचा भाव ४५ रुपये धरला तर दिवसाला १ लाख ८० हजार रुपयांचे तेल जळते. शिवाय भट्टीत तापताना कांबीच्या अंगावर लोखंडाच्या गंजाची पापडी धरते आणि लाटताना ती झडून पडते. या पापडीत जाणाऱ्या लोखंडापैकी एकूण मालाच्या एक टक्क्याइतके जरी वाचले तरी दिवसाला एक टन लोखंड पदरात पडले.

कांब गरम असतानाच रोलवर नेण्याची पद्धत जालन्यातील गिरण्यांनी उचलली, ती या हिशेबामुळेच. ओतणी आणि रोलिंग मिल शेजारी शेजारी ठेवायच्या, मधे रोलरचा मार्ग करायचा आणि गरज पडली तर वाटेत विजेच्या कॉइलने थोडी उष्णता भरायची. पुन्हा तापवायची भट्टी मग फक्त अडीअडचणीला पेटवावी लागते.

यात अडचणी नाहीत असे नाही. ओतणीचा वेग आणि मिलचा वेग जुळावा लागतो. मिलमध्ये एक सळई अडकली तरी मागे गरम कांबींची रांग लागते. थंड कांबीचे तडे डोळ्यांनी तपासता येतात, गरम कांबीचे येत नाहीत, म्हणून ओतणीतच दर्जा सांभाळावा लागतो. आणि ज्याच्याकडे स्वतःची भट्टी नाही, कांबी विकत आणून जो नुसता लाटतो, त्याला हा मार्ग बंदच आहे.

अशा गिरणीवाल्यासाठी दुसरा उपाय आहे. चिमणीकडे जाणारा धूर सहा-सातशे अंशांवर असतो. त्याच्या वाटेत नळ्यांचा संच, म्हणजे रिक्युपरेटर, बसवून भट्टीत जाणारी हवा तापवून घ्यायची. जाणत्यांचा ठोकताळा असा आहे की हवेचे तापमान २० अंशांनी वाढले की इंधन एक टक्का वाचते. हवा तीनशे अंशांनी तापली तर पंधरा टक्के इंधन वाचले. याबरोबर भट्टीत गरजेपेक्षा जास्त हवा न सोडणे, दरवाजाच्या फटी बुजवणे आणि विटांचे अस्तर वेळच्या वेळी दुरुस्त करणे ही कामे बिनखर्चाची किंवा थोड्या खर्चाची आहेत. अशा लहान रोलिंग मिलना दिशा दाखवण्यासाठी पोलाद मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००४ ते २०१३ या काळात खास प्रकल्प चालवला होता. त्यातून सिद्ध झालेल्या सुधारणा आजही कोणालाही करता येण्यासारख्या आहेत.

कामगाराचाही येथे विचार व्हायला हवा. तापवायची भट्टी बंद झाली की तिच्यात कोळसा लोटणाऱ्या माणसाचे काम जाते. ते काम आगीपुढचे आणि धुराचे आहे, त्याबद्दल हळहळ वाटू नये. पण त्या माणसाला ओतणीवर किंवा मिलवर काम शिकवून सामावून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. वाचलेल्या तेलाच्या पैशांत एवढी तजवीज सहज होते.

भंगाराची प्रतवारी

आपल्या वाचकांपैकी बरेच जण भंगाराच्या व्यापारात आहेत. त्यांचा या विषयाशी थेट संबंध येतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलादी भंगारासंबंधी धोरण जाहीर केले. त्यानुसार एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. खनिजापासून पोलाद करायला किलोमागे सुमारे १४ मेगाज्यूल ऊर्जा लागते, तर विजेच्या भट्टीच्या मार्गाने ११ हूनही कमी, असेही त्यात म्हटले आहे. हातगाडीवर जुने पत्रे आणि मोडक्या खाटा गोळा करणारा फेरीवाला म्हणजे या उद्योगाचा पहिला कामगारच होय. त्याने गोळा केलेल्या लोखंडात पूर्वी एकदा जळलेला कोळसा जणू साठवलेला असतो.

पण भंगार-भंगारात फरक असतो. माती, गंज, तेल, रंग आणि प्लास्टिक यांसह आलेले भंगार वजनाला भरते, परंतु भट्टीत त्याची मळी होते आणि ती मळी वितळवायलाही वीज लागते. कापडात जसा मीटरने कमी भरणारा तागा, तसे हे भंगार. वाईट भंगार घेणारा कारखानदार दोनदा पैसे देतो, एकदा मातीच्या वजनाचे आणि दुसऱ्यांदा ती तापवण्याचे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बंद डबे, सिलिंडर आणि ओले भंगार. ते वितळलेल्या रसात पडले की आतली हवा किंवा पाणी क्षणात फुगते, स्फोट होतो आणि भट्टीजवळचे कामगार होरपळतात. भंगार कोरडे करून, डबे फोडून, प्रतवारी लावून देणाऱ्या व्यापाऱ्याने दोन पैसे जास्त मागितले तर ते रास्त आहेत, आणि कारखानदाराने ते आनंदाने द्यावेत. यात विजेची बचत आहेच, पण कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस संध्याकाळी धडधाकट परत येणे ही त्याहून मोठी बचत आहे.

कायदा, कर्ज आणि बाजार

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून देण्यात आले. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे पडलेल्याला ती विकत घ्यावी लागतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१२ ते २०१५ या काळात, आठ उद्योगांतील ४७८ कारखाने त्यात होते. एकूण ६६.८६ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात ८६.७ लाख टनांची बचत झाली. मात्र पोलाद उद्योगासाठी त्यात वर्षाला ३० हजार टन तेलाइतक्या वापराची किमान मर्यादा होती. लहान गिरण्या तिच्याबाहेर राहिल्या. त्यांच्यावर सक्ती आली नाही, तसेच त्यांच्याकडे कोणी लक्षही दिले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये ‘अदिती’ नावाची योजना आणली. ऊर्जा वाचवणारी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज सवलत अशी ही योजना आहे. निवडलेल्या १४ क्षेत्रांत पोलादाच्या रोलिंग मिल आहेत. रत्नागिरीच्या वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की याच यादीत मत्स्यव्यवसाय, अन्नप्रक्रिया आणि वस्त्रोद्योगही आहेत. ज्यांना कर्जावर व्याज द्यायचे नसते त्यांच्यासाठी वर सांगितलेली झाकण, फटी, प्रतवारी आणि वेळेची शिस्त ही कामे आहेतच. त्यांना कोणत्याही बँकेत जावे लागत नाही.

बाजारही बदलतो आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी कार्बन वायू सोडणारा माल हरित ठरेल आणि प्रमाणानुसार त्याला तीन ते पाच तारे मिळतील. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलादाच्या कार्बनचा तपशील ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे आकारण्याचा टप्पा सुरू केला. उद्या पुण्या-कोल्हापूरचा निर्यातदार आपल्या पुरवठादाराला विचारील, तुमच्या टनामागे वीज किती आणि कोळसा किती? ज्याच्याकडे आकडा लिहिलेला नसेल त्याला उत्तर देता येणार नाही. म्हणून प्रत्येक भट्टीला वेगळा मीटर आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी फळ्यावर टनामागे युनिटचा आकडा, एवढे तरी आजच सुरू करावे. आकडा रोज डोळ्यांपुढे राहिला की कामगारही आपणहून झाकण ठेवू लागतात.

काही गिरणीवाले सौर वीज घेऊ लागले आहेत. ते चांगलेच आहे, परंतु स्वस्त वीज मिळाली म्हणून ती उधळण्यात शहाणपण नाही. गळक्या हंड्यात विहिरीचे पाणी भरले काय आणि नळाचे भरले काय, हंडा रिकामाच होणार. आधी हंडा बुजवावा.

ग्राहकाचा वाटा

शेवटचा वाटा आपला, म्हणजे घर बांधणाऱ्याचा. कोकणात पाऊस धो धो, हवा खारी आणि वाळू पुष्कळदा खाडीची. न धुतलेल्या खाऱ्या वाळूत ठेवलेली सळई आतून गंजते, फुगते आणि स्लॅबची पोपडे निघतात. साठ वर्षे टिकायचे घर पंचवीस वर्षांत दुरुस्तीला येते. त्या सळईसाठी भट्टीत कितीही काटकसर केली असली तरी ती या गंजात बुडाली. वाळू गोड्या पाण्याने धुवावी, सळईवर सिमेंटचे पुरेसे आवरण ठेवावे, किनाऱ्यालगतच्या बांधकामात गंजरोधक सळईचा विचार करावा आणि पावसाळ्यापूर्वी आणलेली सळई महिनोन्महिने उघड्यावर ठेवू नये. जुने घर पाडताना निघालेली सळई मातीत गाडू नये. ती भंगारवाल्याच्या हाती गेली तर पुन्हा नवी होऊन येते.

हाच धडा आपल्या छोट्या धंद्यांनाही लागू आहे. आंब्याच्या कॅनिंगमध्ये बॉयलरकडे परत न जाणारे गरम पाणी, बेकरीच्या भट्टीचा दिवसभर उघडा दरवाजा, कापड रंगवणाऱ्यांच्या गटारात सोडलेले उकळते पाणी ही सगळी त्याच कुळातली गळती आहे. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात तर ती उलट्या दिशेने होते, तेथे थंडी गळते.

कारखानदार मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की पुढच्या महिन्याचे वीजबिल येईल तेव्हा ते केवळ हिशेबनिसाकडे पाठवू नये. बिलातील युनिटना त्या महिन्यात निघालेल्या टनांनी भागावे आणि येणारा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. वर्षभर दर महिन्याला हे केले की उष्णता कोठून जाते ते आपोआप दिसू लागेल आणि तिच्याबरोबर जाणारी बरकतही थांबवता येईल.